मास्तर, नवं मशीन शिकवलं कुणी?

आपल्या ऑफिसात नवं सॉफ्टवेअर येतं तेव्हा ट्रेनिंग रूम बुक होते, प्रोजेक्टर लागतो आणि समोसे येतात. सिद्धगडच्या पायथ्याकडे जाणाऱ्या लाल डब्यात नवं तंत्रज्ञान येतं तेव्हा काय होतं? वीकएंड ट्रेकच्या वाटेवर पडलेला एक प्रश्न. आणि हो, तुमच्या-माझ्या नोकरीशीही त्याचा संबंध आहे!

माझं काम सांगायला सोपं, समजावायला अवघड. ऐरोलीतल्या एका आयटी कंपनीत मी 'लर्निंग अँड डेव्हलपमेंट'मध्ये आहे. म्हणजे नवी सिस्टीम आली की लोकांना ती शिकवायची. स्लाइड्स बनवायच्या, क्विझ घ्यायची, शेवटी सर्टिफिकेट मेल करायचं. आई शेजारच्या काकूंना सांगते, "आमची मुलगी कॉम्प्युटरवाल्यांची बाई आहे." बाई म्हणजे टीचर, गैरसमज नको!

या कामामुळे एक खोड मात्र लागलीये. कुणी मशीन वापरताना दिसलं की मी त्यांच्या बोटांकडे बघत बसते. मॉलमधली बिलिंगवाली असो, पेट्रोल पंपावरचा मुलगा असो की बँकेतले काका असोत. बोटं कुठे अडखळतात आणि कुठे न बघता चालतात? न बघता चालायला लागली की समजायचं, आता हा माणूस शिकला. सर्टिफिकेट मिळालं तेव्हा नाही.

तर, पावसाळा संपल्यानंतरचा एक शनिवार. आम्ही चौघं सिद्धगडला निघालेलो. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे कल्याणला लोकल सोडायची आणि एसटी धरायची. मग मुरबाडच्या स्टँडवरून म्हशामार्गे नारीवलीची गाडी. ही गाडी गावची. आपल्यासारखे पाठीवर सॅक लटकवलेले लोक तिच्यात पाहुणेच. कंडक्टर पन्नाशीचे, मिशा पिकलेल्या, गळ्यात चामड्याची बॅग आणि हातात ते तिकिटाचं छोटं मशीन.

आता बघा हं, स्टँड सुटल्यापासून पहिल्या पंधरा मिनिटांत या माणसानं काय काय केलं. एका आजोबांचं आधार कार्ड बघून शून्य रुपयांचं तिकीट दिलं. दोन बायकांना अर्धं तिकीट दिलं. शाळेच्या मुलींचे पास नुसत्या नजरेनं पाहिले. एका पोत्याचं सामान-तिकीट फाडलं (म्हणजे छापलं, जुनी सवय!). एका काकूंना "तुमचं मागच्या सीटवरच्यांनी काढलंय" म्हणून सांगितलं. आणि मग आमच्याकडे वळले.

"मास्तर, चार नारीवली."

"दोन लेडीज, दोन जेंट्स? सुट्टे काढा."

"ऑनलाइन चालेल?"

"चालेल की. पण आत्ताच करा ताई, पुढं रेंज जाते."

स्क्रीनवर कोड आला, मित्रानं स्कॅन केला, तिकिटं बाहेर. आम्हा दोघींचं अर्धं, त्या दोघांचं पूर्ण. यावर पुढची दहा मिनिटं गाडीत जो वाद झाला तो इथे नको. माझं लक्ष बोटांकडे होतं. एकदाही अडखळली नाहीत. राहवेना, विचारलंच, "मास्तर, हे मशीन शिकवलं कुणी?"

"शिकवलं डेपोत. शिकलो गाडीत," म्हणाले, आणि दोरी दोनदा ओढून पुढे सरकले. टिंग टिंग!

ट्रे, चिमटा आणि वेबिल

आपल्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी आधीचा जमाना पाहिलाय, फक्त तेव्हा आपण खिडकीतून बाहेर बघत होतो. कंडक्टरच्या हातात पत्र्याचा ट्रे असायचा. त्यात वेगवेगळ्या किमतींच्या रंगीत तिकिटांचे गठ्ठे. भाडं सतरा रुपये असेल तर दहाचं, पाचचं आणि दोनचं अशी तीन तिकिटं काढायची, चिमट्यानं टक टक टक भोक पाडायचं आणि हातात ठेवायची. तो चिमटा रिकामा असला तरी कंडक्टर बोटांनी वाजवत राहायचे. गर्दीत कंडक्टर कुठे आहे हे त्या आवाजावरून कळायचं.

ही झाली दिसणारी बाजू. न दिसणारी बाजू म्हणजे वेबिल. दर स्टेजला कुठल्या गठ्ठ्याचा कितवा नंबर चालू आहे ते लिहायचं, तेही हलत्या गाडीत. मधेच चेकिंगवाले चढले तर गाडीतली माणसं, विकलेली तिकिटं आणि कागदावरचे आकडे जुळायला हवेत. रात्री डेपोत पैसे मोजून द्यायचे. जुळलं नाही तर उत्तर कंडक्टरनं द्यायचं. स्टेजेस पाठ, भाडं पाठ, बेरीज तोंडी. एक्सेल शीट डोक्यात घेऊन फिरणारा माणूस!

मग २००० च्या दशकाच्या शेवटी एसटीत इलेक्ट्रॉनिक तिकीट मशीन यायला लागली. ट्रे गेला, चिमटा गेला, वेबिल मशीनच छापू लागलं. अलीकडच्या काही वर्षांत ती मशीनही बदलली आणि अँड्रॉइडवर चालणारी, यूपीआय घेणारी आली. म्हणजे जो माणूस पंचवीस वर्षांपूर्वी चिमटा घेऊन नोकरीला लागला, त्यानं एकाच नोकरीत तीन वेगळी कामं शिकली. पगाराच्या स्लिपवरचा हुद्दा तोच: वाहक.

आमच्या क्षेत्रात एक गोड समजूत आहे की मशीन आलं की काम सोपं होतं, म्हणून शिकवायलाही फार लागत नाही. प्रत्यक्षात काम सोपं होत नाही, ते जागा बदलतं. बेरीज गेली, पण चार्जिंग आलं. वेबिल गेलं, पण कागदाचा रोल संपण्याची धास्ती आली. सुट्ट्या पैशांचं भांडण थोडं कमी झालं, तर "पैसे कट झाले, तुमच्याकडे आले का?" हे नवीन आलं.

आणि सवलती! २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. १७ मार्च २०२३ पासून महिलांना सगळ्या गाड्यांत अर्धं तिकीट. सॉफ्टवेअरमध्ये हे घालायला एक अपडेट पुरतो. पण त्या सकाळी राज्यभरातल्या स्टँडवर ज्या बायका हसत गाडीत चढल्या त्यांना, आणि ज्या आजींकडे वयाचा पुरावा नव्हता त्यांना, नियम समजावून कुणी सांगितला? मंत्रालयातून कुणी आलं नव्हतं. कंडक्टरनंच सांगितला. त्याला स्वतःला तो नीट सांगितला गेला असेल तर उत्तम, नसेल तर त्यानं शेजारच्या गाडीच्या कंडक्टरला विचारला असेल. आमच्याकडे याला 'पीअर लर्निंग' म्हणतात आणि त्यावर दोन दिवसांचं वर्कशॉप घेतात.

रेंज नसलेल्या गावाची गाडी

सिद्धगड कुणासाठी असतो? आपल्यासाठी बालेकिल्ला, माचीवरचं देऊळ, भीमाशंकरचं जंगल आणि इन्स्टाग्राम. इथल्या लोकांसाठी तो आधी हुतात्म्यांचा. २ जानेवारी १९४३ ला माथेरानचे वकील भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील इथेच पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. दरवर्षी त्या तारखेला पहाटे अंधारात लोक स्मारकापाशी जमतात. कोतवालांच्या 'आझाद दस्त्या'नं १९४२ मध्ये काय केलं होतं? मुंबईच्या गिरण्या-कारखान्यांना वीज नेणारे मनोरे पाडले होते. विजेच्या तारा या डोंगरांवरून मुंबईकडे जायच्या आणि खालच्या वाड्या अंधारात. आज आपण विजेवरच्या बसबद्दल बोलतोय, तेव्हा ही गोष्ट विसरायची नाही. वीज कुठून कुठे जाते आणि वाटेत कुणाला मिळते, हा प्रश्न या खोऱ्यात जुना आहे.

नारीवलीसारख्या गावाची गाडी म्हणजे नुसती गाडी नव्हे. तिच्यातून कॉलेजचा मुलगा जातो, दवाखान्यात जाणारी बाळंतीण जाते, भाजीची पाटी जाते. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते, गुरांचा मोठा बाजार असतो, तेव्हा या रस्त्यावर जादा गाड्या लागतात. कंडक्टरला कोण कुठे उतरतं ते तोंडपाठ. त्याची ही माहिती कुठल्याच सर्व्हरवर नाही.

२०२१ च्या ऑक्टोबरच्या शेवटी एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. शहरात आपल्याला तो बातम्यांत दिसला. रेल्वे नसलेल्या तालुक्यांत तो रोज सकाळी दारात दिसत होता. तेव्हा कुठलंही अ‍ॅप उपयोगाचं नव्हतं, कारण अ‍ॅपवर दाखवायला गाडीच नव्हती. म्हणून एसटीत कुठलं नवं तंत्रज्ञान येणार याआधी मला विचारावंसं वाटतं की ते चालवणारी ऐंशी हजारांहून जास्त माणसं त्यात कुठे बसणार.

तीच तारीख, तोच रस्ता

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली. बेडफर्डची, लाकडी बॉडीची. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. दोघांची नावं एसटीतल्या माणसांना तोंडपाठ असतात.

बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ ला, त्याच पुणे–नगर रस्त्यावर एसटीची पहिली इलेक्ट्रिक 'शिवाई' धावली. तारीख तीच, रस्ता तोच, फोटोही झकास. पण एक गोष्ट बदलली होती आणि ती फोटोत दिसत नाही. ई-बससाठी एसटीनं जी पद्धत धरली त्यात गाडी खासगी कंपनीची, देखभाल कंपनीची आणि ड्रायव्हरही कंपनीचा. एसटी किलोमीटरमागे पैसे मोजते आणि कंडक्टर आपला देते. वेट लीज म्हणतात याला. २०१७ पासून आलेल्या 'शिवशाही'पैकी बऱ्याच गाड्याही अशाच होत्या.

ही पद्धत का, याचं कारण खोटं नाही. इलेक्ट्रिक बस डिझेल बसपेक्षा कितीतरी महाग, बॅटरी तर गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा. संपातून आणि कोरोनातून नुकती उठलेली एसटी एवढे पैसे आणणार कुठून? शिवाय बॅटरी बिघडली तर जोखीम कंपनीची. कागदावर हे गणित बसतं. २०२३ मध्ये ५,१५० ई-बसचा करारही याच पद्धतीनं झाला. गाड्या ठरल्या वेळेत आल्या नाहीत, आणि मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी तो करार रद्द करायच्या सूचना दिल्या.

पण मी शिकवणारी बाई. मला या गणितात न लिहिलेला कॉलम दिसतो. नवी गाडी कंपनीचा ड्रायव्हर चालवणार, कंपनीचा मेकॅनिक उघडणार. मग एसटीचा स्वतःचा ड्रायव्हर आणि मेकॅनिक ती शिकणार कधी? आणि करार संपला किंवा मोडला, की गाडीबरोबर ते शिकलेले हातही निघून जाणार.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ठाण्याच्या खोपट स्टँडवरून बोरिवली–ठाणे–नाशिक मार्गावर ई-बस सुरू झाली. हा रस्ता शहापूरच्या अंगावरून कसारा घाटाकडे जातो. म्हणजे भविष्य तालुक्याच्या हायवेपर्यंत तर पोचलं. हायवे सोडून आत वळलं की मात्र डिझेलचीच लाल गाडी.

नारिंगी वायर

इलेक्ट्रिक बस चालवायला काय शिकायचं असतं, ती तर ऑटोमॅटिक! हा प्रश्न मला आमच्या कॅन्टीनमध्ये विचारला गेला. उत्तर मोठं आहे.

एसटीचा मुरलेला ड्रायव्हर गियर कानानं बदलतो. इंजिनाचा सूर उतरला की हात आपोआप जातो. ई-बसला गियर नाही, क्लच नाही, इंजिनाचा आवाजच नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर उलटी जनरेटरसारखी चालते, गाडी मंदावते आणि वीज बॅटरीत परत जाते. माळशेज उतरताना ज्याला हे जमलं तो बॅटरी भरत खाली येईल. ज्याला जमलं नाही तो तीच ऊर्जा ब्रेकच्या घर्षणात घालवेल. एकच गाडी, एकच घाट, आणि फरक फक्त पायात. शिवाय गाडी येतेय हे रस्त्यावरच्या माणसाला ऐकू येत नाही. म्हशाच्या रस्त्यावर संध्याकाळी गुरं घरी परतत असतात, त्यांनाही नाही.

हे वाचून किंवा व्हिडिओ बघून येत नाही. कुणीतरी शेजारी बसून, "आता पाय सोडा... आता बघा मीटर" असं म्हणावं लागतं.

डेपोतली गोष्ट याहून नाजूक. ई-बसमध्ये नारिंगी रंगाच्या जाड वायरी असतात. नारिंगी म्हणजे हाय व्होल्टेज, जगभर तोच संकेत. घरातल्या २३० व्होल्टच्या दुप्पट-तिप्पट ताण तिच्यात असतो. हात लावण्याआधी बॅटरीचा संबंध तोडायचा, आत साठलेली वीज उतरायला थांबायचं, रबरी इन्शुलेटेड हातमोजे घालायचे, मीटरनं खात्री करायची. डिझेलवर वाढलेला मेकॅनिक शूर असतो, गरम इंजिनात हात घालतो, ग्रीसनं माखतो आणि हसतो. इथे तोच शूरपणा जीव घेईल. म्हणजे त्याला आधी नवीन काही शिकवायचं नाही, जुनं काही थांबवायचं आहे. विश्वास ठेवा, माझ्या धंद्यात सर्वात कठीण काम तेच.

आणि बदल फक्त इलेक्ट्रिकचाच नाही. एप्रिल २०२० पासून देशात बीएस-सिक्सचे नियम लागू झाले. तेव्हापासूनच्या डिझेल गाडीत सेन्सर आहेत, धूर स्वच्छ करायला युरियाचं द्रावण भरायची वेगळी टाकी आहे, आणि दोष शोधायला स्कॅनर लावावा लागतो. पान्यानं ठोकून आवाज ऐकणाऱ्या उस्तादाला आता स्क्रीनवरचा कोड वाचायचाय. उस्तादाचा कान फुकट गेला का? अजिबात नाही. स्कॅनर सांगतो कुठला सेन्सर ओरडतोय. तो का ओरडतोय, हे पुष्कळदा कानालाच कळतं. दोघं एका गाडीखाली असले तर बहार!

एसटीच्या माणसांना शिकता येत नाही, असं कुणी म्हणणार असेल तर त्यांनी दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या कार्यशाळा आठवाव्यात. तिथे वर्षानुवर्षं चासिसवर अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची बॉडी बांधली जायची, रिबिटा मारून. २०१८ च्या आसपास स्टीलच्या बॉडीचं काम सुरू झालं. धातू वेगळा, जोडण्याची पद्धत वेगळी. त्याच कामगारांनी ते शिकून गाड्या बाहेर काढल्या. पुढे २०२४-२५ मध्ये ज्या अडीच हजारांहून जास्त नव्या लाल गाड्या घ्यायचं ठरलं, त्या मात्र कारखान्यातून तयार बॉडीसकट येणाऱ्या. गाड्या छान आहेत, मी बसलेय. पण शिकून हाताशी आलेलं काम पुढच्याच वळणावर बाजूला पडलं, हेही खरं.

आसनगावला कळलंच नाही

शहापूर तालुक्याचं स्टेशन म्हणजे आसनगाव. तिथून रोज हजारो जण सीएसएमटी, ठाणे गाठतात. तुमच्या ऑफिसातही कुणीतरी पहाटेची कसारा लोकल पकडून येणारं असेल, विचारून बघा. त्यांना एक गंमत विचारा: तुमच्या डोक्यावरच्या तारेतला करंट बदलला, तो कधी?

मध्य रेल्वेच्या मुंबईतल्या मार्गांवर पूर्वी १,५०० व्होल्टची डीसी वीज होती. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी–कुर्ला अशी देशातली पहिली इलेक्ट्रिक गाडी धावली आणि पुढच्या पाचेक वर्षांत तारा कसारा घाट चढून इगतपुरीपर्यंत गेल्या. वाफेच्या इंजिनावर कोळसा ओढणाऱ्यांच्या जगात वीज आली ती अशी. मग २००० च्या दशकापासून २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्यानं सगळं २५,००० व्होल्ट एसीवर आणलं गेलं. सबस्टेशन बदलली, तारा बदलल्या, गाड्या बदलल्या. मधली काही वर्षं दोन्ही विजेवर चालणाऱ्या गाड्या होत्या. मोटरमन तेच, तंत्रज्ञ रेल्वेचेच, कारशेडही रेल्वेचंच.

रेल्वेचं सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही, कसारा लोकलमध्ये सकाळी सातला उभं राहून कुणी तसं म्हणूच शकत नाही. पण बदलाला वेळ दिला गेला आणि बदल आपल्याच माणसांच्या हातून झाला. प्रवाशाला कळलंही नाही. एसटीच्या ई-बसबाबत दोन्हीपैकी एकही अजून नक्की नाही.

चार वर्षांचं लायसन्स

एसटीनं स्वतःच्या माणसांवर वेळ खर्च केला तर काय होतं याचं एक उदाहरण मला फार आवडतं. २०१९ मध्ये एसटीनं महिलांना ड्रायव्हर म्हणून घ्यायचं ठरवलं. यवतमाळसारख्या भागातल्या आदिवासी मुलींसाठी खास प्रशिक्षण सुरू केलं. जड वाहनाचा अनुभव कुठून असणार त्यांच्याकडे? तो एसटीनंच द्यायचा होता. मधे कोरोना आला, मग संप आला. तरी २०२३ च्या उन्हाळ्यात पहिल्या महिला चालक प्रवासी घेऊन रस्त्यावर आल्या, त्यातली एक गाडी सासवड डेपोची. भरतीपासून स्टिअरिंगपर्यंत चार वर्षं! आमच्या कंपनीत दोन आठवड्यांत निकाल दिसला नाही तर बजेट कापतात.

बाहेरच्या जगात काय चाललंय? लंडनमध्ये डिसेंबर २००५ मध्ये जुन्या रूटमास्टर बस नेहमीच्या मार्गांवरून निघाल्या आणि त्यांच्याबरोबर कंडक्टरही गेले. कार्ड टेकवा आणि बसा. चीनच्या शेनझेन शहरानं २०१७ च्या अखेरीस सोळा हजारांवर बस, म्हणजे सगळ्याच्या सगळ्या, इलेक्ट्रिक केल्या. ही उदाहरणं प्रेझेंटेशनमध्ये नेहमी येतात. मीही वापरलीत. पण लंडनच्या बसमध्ये पोतं चढत नाही, आणि शेनझेनला रेंज जात नाही. एसटीनंही मोठ्या शहरांमध्ये विनावाहक, विनाथांबा गाड्या चालवून पाहिल्या, दोन स्टँडच्या मधे ते जमतंही. मुरबाड–नारीवलीला कंडक्टर काढून टाकलात तर आजोबांचं शून्य रुपयांचं तिकीट कुणाकडून घ्यायचं?

टेंडरमधली एक ओळ

शिकवायला जागा नाहीत असंही नाही. भोसरीला एसटीची मध्यवर्ती प्रशिक्षण संस्था आहे. देशभरातल्या बस महामंडळांसाठी १९६७ मध्ये सुरू झालेली 'सीआयआरटी'ही पुण्यातच. एसटी दरवर्षी आयटीआयमधून अ‍ॅप्रेंटिस घेते, मोटर मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, शीट मेटल. आयटीआयमध्ये आता इलेक्ट्रिक वाहनांच्या मेकॅनिकचा वेगळा ट्रेडही आलाय. भिंती आहेत, मुलं आहेत, उस्ताद आहेत. नाही ती फक्त उघडून बघायला मिळणारी गाडी.

म्हणून माझी, एका ट्रेनिंगवालीची, मागणी अगदी बारीक आहे. पुढचं जे काही ई-बसचं टेंडर निघेल त्यात एक ओळ घाला: कंपनीच्या चार्जिंग डेपोत एसटीचे स्वतःचे ड्रायव्हर आणि मेकॅनिक पहिल्या दिवसापासून सोबत काम करतील, आणि कराराच्या शेवटी गाडी सांभाळू शकतील इतके तयार झालेले असतील. त्याचे पैसे किलोमीटरच्या दरात धरा. महाग पडेल? पडेल थोडं. आपल्या कंपन्या सॉफ्टवेअर घेताना 'नॉलेज ट्रान्सफर'चा कलम घालतात की नाही? व्हेंडर निघून गेल्यावर रात्री दोन वाजता सर्व्हर पडला की त्या कलमाची किंमत कळते. तुमच्यापैकी निम्म्यांनी ती रात्र काढलीये.

दुसरी मागणी त्याहून स्वस्त. मशीनमध्ये नवा अपडेट टाकायच्या आधी चार-पाच डेपोंतल्या कंडक्टरना बोलवा, त्यातला एक मुरबाडसारख्या डेपोतला, रेंज जाणाऱ्या रस्त्यावरचा असू दे. त्यांच्या हातात मशीन द्या आणि गप्प बसून बोटं बघा.

आणि या सगळ्यात आयटीआयच्या त्या मुलाचं काय? समजा म्हशाचा एक मुलगा इलेक्ट्रिक व्हेइकलचा ट्रेड शिकून बाहेर पडला. आज त्याला काम मिळालं तर ते बहुधा ठाण्याला, कंपनीच्या शेडमध्ये, कराराची मुदत असेल तोवर. मुरबाडच्या डेपोत चार्जर लागला आणि तिथल्या उस्तादाच्या हाताखाली त्याला नारिंगी वायर उघडायला मिळाली, तर तो संध्याकाळच्या गाडीनं घरी जाऊ शकेल. ती किती वाजता सुटते, ते त्याला अ‍ॅप न उघडता माहीत आहे.